आधी वारा, मग आग

मी हीटर बोलतोय. गॅसवर चालणारा. नाही, आंघोळीचं पाणी तापवणारा नाही. तेवढं माझं नशीब कुठलं! मी कारखान्यातला. अंगाने कपाटाएवढा, पोटात पंखा, आणि तोंडाला भिंतीपलीकडे जाणारा जाड पाइप. इथे रद्दीचा लगदा करून अंडी ठेवायचे ट्रे बनवतात. पलीकडच्या खोलीत बायका ओले ट्रे मांडणीवर रचतात आणि मी त्या खोलीत गरम वारा सोडतो. ट्रे वाळतात, अंडी सुखरूप पोचतात. माझी चौकशी मात्र कोणी करत नाही. बंद पडलो की करतात, तीही लाथेने.

मला बनवलं तेव्हा माझ्या पोटावर एक पाटी ठोकली होती. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्रं काढलेली. सुरू करताना आधी बाहेरची हवा आत घेणारी भिंतीतली झडप उघडायची. मग नुसता पंखा चालू द्यायचा, म्हणजे पोटात कुठे गॅस साठला असेल तर निघून जातो. मग ठिणगी, मग गॅस. बंद करताना आधी गॅस तोडायचा, पोट गार होईपर्यंत पंखा फिरू द्यायचा आणि शेवटी वीज. बस. लेकराला दूध पाजण्याआधी हातावर थेंब टाकून बघतात ना, तेवढंच हे शहाणपण.

पण माणसाला पाटी दिसली की तिच्यावर काहीतरी टांगावंसं वाटतं. माझ्या पाटीवर कॅलेंडर आलं. त्यावर धबधब्याचं चित्र. हीटरच्या पोटावर धबधबा!

कॅलेंडर टांगलं मॅनेजरने. या कामाचा त्याला अनुभव किती, असं विचाराल तर तो मालकिणीचा भाऊ आहे. बायका त्याला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे झटपट. त्याला सगळं झटपट लागतं. चहासुद्धा तो असा पितो की जीभ भाजते, आणि मग चहावाल्याला शिव्या घालतो.

थंडीच्या दिवसांत सकाळी मी आधी नुसता वारा मारायचो. तो अर्थातच गार असायचा आणि थेट बायकांच्या अंगावर जायचा.

"अगं बाई, हा हीटर आहे की कूलर?" मावशी ओरडायची. मावशी इथली सगळ्यांत जुनी कामगार. तिचा आवाज माझ्या पंख्यापेक्षा मोठा. ती हसली की सगळ्या हसायच्या.

झटपटने वायरमनला बोलावलं. "हा फुकटचा वारा बंद कर. आधी पेटू दे, मग फुंकू दे."

वायरमनने डोकं खाजवलं. "कंपनीने काहीतरी विचार करूनच ठेवलं असेल, साहेब."

"कंपनीला इथे येऊन कुडकुडायचं नाही."

वायरमनने मुकाट्याने वायर बदलली. मावशीने आणखी एक उपकार केला. गार हवा येते म्हणून भिंतीतल्या झडपेत पोतं कोंबलं. त्या दिवशी सगळ्यांनी झटपटचं तोंड भरून कौतुक केलं. मला हात असते तर कपाळावर मारून घेतला असता.

संध्याकाळी तर विचारूच नका. सुटायची वेळ झाली की झटपट सरळ विजेचं मोठं बटण खाली ओढायचा. आतून मी लालबुंद, आणि पंखा जागच्या जागी ठप्प. लांबून धावत आलेल्या माणसाच्या नाकावर उशी दाबावी, तसं व्हायचं मला. वर भिंतीवरच्या गॅसच्या नळीचा पिवळा दांडा तसाच उघडा.

तो बंद करायची एकच बाई. ठकीची आई.

ही इथली वयाने सगळ्यांत लहान. काळजी करणं हा तिचा जोडधंदा. तिची ठकी अजून धड चालतही नव्हती. ती माझ्या पाइपाजवळच्या उबदार भिंतीला लावलेल्या मोठ्या खोक्यात, चादरीच्या घडीवर झोपायची. आई ट्रे रचता रचता मधेच यायची आणि तिच्या नाकाखाली बोट धरायची. पोर शिंकली की हिचा चेहरा पांढरा. पोर शांत झोपली की आणखी पांढरा. झोपलेल्या लेकराला, झोपलंय ना, हे बघायला उठवणारी आई मी इथेच पाहिली.

फिटर मला बसवायला आला होता तेव्हा तिने त्याला एवढंच विचारलं होतं, "बंद कुठल्या बाजूला?" तो म्हणाला, दांडा नळीच्या रेघेत असला की चालू, आडवा केला की बंद. तेव्हापासून रोज घरी जाताना ती दांडा आडवा करायची. फाटकापर्यंत जायची. परत यायची. आडवाच आहे ना, बघायची. आणि पुन्हा एकदा हात लावायची.

"निरोप घेऊन झाला का गं हीटरचा?" मावशी लांबून विचारायची. "का गळ्यात पडून रडणार आहेस?"

ती ओशाळं हसायची, पण हात लावल्याशिवाय जायची नाही.

वायर बदलल्यावर तिने एकदा धीर केला. झटपटसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, पूर्वी हा आधी नुसता वारा मारायचा. आता मारत नाही. तसं चालतं का?"

"ठकीची आई, एवढी भीती वाटते तर पोरीला घरी ठेवा. हा कारखाना आहे, पाळणाघर नाही."

घरी ठेवायची कोणाजवळ? नवरा ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. सासू मोठ्या दिराकडे. शेजारणीकडे एकदा ठेवून पाहिलं, तर ती पोरीला कडी लावून भाजीला निघून गेली. तेव्हा ठकीच्या आईपुढे दोनच वाटा होत्या. गप्प राहायचं, नाहीतर नोकरी सोडायची. तिने पुढचं बोलणं गिळलं. ती परत ट्रे रचायला गेली.

मग ती सकाळ आली. थंडी कडाक्याची. माझ्या ठिणगीच्या टोकावर काजळी धरली होती. ती पुसायची असते, हेही त्या पाटीवर आहे, धबधब्याच्या मागे.

झटपटने बटण दाबलं. टिकटिक झाली, थोडा गॅस आत आला, ठिणगी काही पडेना. मी आपणहून थांबलो आणि लाल दिवा लावला. लाल दिव्याचा अर्थ, थांबा, आत साठलेलं बाहेर जाऊ द्या, काय बिघडलंय बघा. झटपटच्या भाषेत लाल दिव्याचा अर्थ, पुन्हा दाबा. लिफ्टचं बटण सारखं दाबलं की लिफ्ट लवकर येते, असं मानणाऱ्यांतला तो. त्याने दाबलं. परत दाबलं. मला एक लाथ घातली आणि परत दाबलं. प्रत्येक दाबण्याला माझ्या पोटात गॅसचा एक घोट जात होता. बाहेर ढकलायला पंखा नाही, झडपेत पोतं. पोट भरलं, आणि गॅस पाइपातून बायकांच्या खोलीत उतरायला लागला. पाइपाच्या तोंडाशीच ठकीचं खोकं.

"कोणाचा डबा आंबलाय गं?" मावशीने नाक मुरडलं.

ठकीची आई मात्र ताठ झाली. तिने पोरीला उचललं आणि सरळ दार गाठलं. शहाणपणाचं तेच होतं. दारात थांबून तिने मागे पाहिलं. मावशी आणि बाकीच्या तशाच ट्रेवर वाकलेल्या. बोलावं, तर उद्यापासून ठकीची जागा गेली. ठकीने तिच्या गळ्यातली काळी दोरी ओढली.

"मावशी, बाहेर पळा! गॅस भरलाय! दारं उघडा सगळी!"

तिचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिलाही तो नवीनच असावा. पोर कडेवर तशीच घेऊन ती माझ्याकडे आली आणि पिवळा दांडा आडवा केला. "साहेब, बटणाला हात लावू नका!"

"कोणाला विचारून बंद केलंत?" झटपट भडकला. "माल कोण वाळवणार, तुमचा नवरा?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. बायकाही बाहेर आल्या. झटपट एकटाच आत राहिला आणि दाराकडे बघून मोठ्याने म्हणाला, "हे बघा. काही होत नाही." आणि त्याने बटण दाबलं.

या खेपेला ठिणगी पडली.

भप्प! पोटात उरला होता तेवढा गॅस पेटला. माझं पुढचं दार फुगलं, धबधबा जळून खाली पडला. मागून गॅस येत नव्हता म्हणून तेवढ्यावर निभावलं. झटपट बाहेर आला तेव्हा मिशी नव्हती आणि एक भुवई नव्हती.

मावशी म्हणाली, "साहेब, पेटला वाटतं."

दुपारी मालक आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, आणि मग ओरडता येईल असं कोणी आहे का, ते पाहिलं. थोड्या वेळाने दारावर कागद लागला. 'सुरक्षा सर्वांत आधी. लहान मुलांना आणण्यास सक्त मनाई.' वाहवा! वायर बदलायला लावली झटपटने, पोतं कोंबलं मावशीने, काजळी साठली माझ्यात, आणि धोका ठरली कोण, तर ठकी!

ठकीची आई पोरीचं टोपडं, बाटली, चादर पिशवीत भरायला लागली.

मावशीने ती पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. "मालक, पोर नाही तर ही नाही. आणि ही नाही तर उद्या तो दांडा कोण फिरवणार? तुमचे मेहुणे? मग आम्ही पण बाहेरच बसतो." झडपेकडे वळून ती म्हणाली, "पोतं मीच कोंबलं होतं. मीच काढते."

बायका उंबऱ्यावर बसल्या. आत ओले ट्रे ठिबकत होते. मालकाने ते ठिबकणं थोडा वेळ ऐकलं, आणि दारावरचा कागद स्वतःच फाडला. पण माझ्याजवळ पोर नको, हे त्याचं खरंच होतं. म्हणून ठकीची जागा ठरली अंगणापलीकडच्या ऑफिसात, काचेच्या खिडकीशी. म्हणजे झटपटच्या टेबलाशेजारी.

फिटर आला. वायर पूर्वीसारखी केली, काजळी पुसली, दार सरळ केलं. मग माझी पाटी बघून म्हणाला, "अरे, ही तर नवीकोरी आहे. वापरलीच नाही वाटतं."

आता सकाळी मी पुन्हा गार वारा मारतो. मावशी शाल घट्ट ओढते आणि नवीन आलेल्या बाईला दरडावते, "कुरकुर करू नकोस, पोट मोकळं करतोय तो." झटपटची भुवई उगवली, पण वाकडी. ठकीला ती ओढायला फार आवडते.

माझ्या अंगाला एक पोचा राहिला आहे. तो असू दे. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याच्या पाटीवर काही टांगू नका, आणि तो थांब म्हणाला तर थांबा. एवढंच मागणं. लाथ घातलीत तरी चालेल, सवय आहे.

संध्याकाळी गॅस तुटतो, पंखा फिरत राहतो. कालही झटपटचा हात विजेच्या बटणावर होता, आणि ठकीची आई पोर कडेवर घेऊन समोर उभी. "थांबा साहेब, अजून गरम आहे तो."

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "तुमच्या नादाने आता मीसुद्धा घरून निघताना कुलूप तीनतीनदा ओढून बघतो. बायको हसते."

"हसू दे," ती म्हणाली, आणि पिवळ्या दांड्याला पुन्हा एकदा हात लावला.