कोळशाची दाढी

जळता निखारा साखरेवर पडला, चर्र झालं आणि धाकटी जागी झाली.

दात येताहेत तिला. आठवडाभर मी बसल्या बसल्या डुलक्या काढतेय. तिला कडेवर घेऊन दुसऱ्या हातानं मी येर्बाची, म्हणजे आमच्या चहाची, पानं साखरेत करपवली नि वर पाणी ओतलं. झाला सकाळचा कोसिदो.

सासूबाईंनी घोट घेतला. "आज कोसिदो केलास की घर पेटवलंस?"

मी हसले नि धाकटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. 

सोळा ऑगस्ट. आमच्या देशातला बालदिन. शाळेत चॉकलेट, केक आणि माझ्या पहिलीच्या वर्गाचं नाटुकलं. त्याआधी मुलांना सांगायचं, हाच दिवस का. मी दर वर्षी तेच सांगते: दीडशे वर्षांपूर्वी ह्याच दिवशी तीन देशांच्या फौजा चालून आल्या, आपली मुलं लढली, शूर होती. मोठ्या बाईंनी बजावलंय, "लुर्देस, पुढचं नको." मलाही नकोच असतं. यंदा तर माझा देर्लिसच त्या वर्गात आहे.

नाटुकल्यासाठी आजोबांचा सदरा घालून तो स्टुलावर उभा होता. निखारा आता विझून गार झाला होता. तो उचलून मी देर्लिसच्या हनुवटीवर टेकवला.

"हलू नकोस."

"गुदगुल्या होतात! दाट रंगव हं. लांबून मोठा माणूस वाटलो पाहिजे."

माझा हात थांबला. "हे कुणी सांगितलं तुला?"

"आजीनं."

"सांगितलं मी," सासूबाई म्हणाल्या. "त्या लढाईत पोरांना खोट्या दाढ्या लावून उभं केलं होतं. माझ्या आजीनं मला सांगितलं, मी ह्याला सांगितलं. तू बाई ना शाळेतली? मग दडवतेस कशाला?"

"सहा वर्षांचा आहे तो, आई."

"त्यांच्यातही सहा वर्षांचे होते."

धाकटी माझा खांदा चावत होती. मी दुसरा गाल रंगवायला घेतला. हे न कळता त्याला अजून एक वर्ष मिळालं असतं तर, एवढंच मनात आलं.

"आई, मग ती मुलं घरी आली?"

शूर होती, हे शब्द ओठांवर आले होते. पण त्याचे डोळे इतके जवळ होते.

"नाही रे राजा. बरीचशी नाही आली."

तो माझी काळी झालेली बोटं बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

"त्यांच्या दाढ्या कुणी लावल्या होत्या? त्यांच्या आयांनी?"