टॉरिनची थाप

फांग चीहोंगचा शोधनिबंध वाचला आणि लू पेइशानच्या मनात पाल चुकचुकली. यकृताच्या कर्करोगाच्या पेशींची साखर तोडली, तर त्या ग्लुटामिन हे अमिनो आम्ल खाऊन तगतात. ती वाटही बंद केली की मरतात. एवढं सिद्ध करण्यात तिची चार वर्षं गेली होती. आणि ताइनान शहरातल्या त्याच विद्यापीठात, तिच्याच मजल्यावर प्रयोगशाळा थाटलेल्या या जुन्या वर्गमित्रानं ते आधी छापून मोकळं केलं होतं.

दोघांना एकच गोष्ट सुचू शकते, हे तिला मान्य होतं. पण मांडणीसुद्धा तीच?

तिची विद्यार्थिनी श्यूचेन रोज दुपारी फांगच्या हाताखालच्या रुईयांगबरोबर जेवायची. आधी पेइशानला त्याचं कौतुक होतं. आता ती दोघं हसली की तिचे कान टवकारायचे. अखेर तिनं खडा टाकून पाहायचं ठरवलं.

"कुठे लिहिलेलं नाही अजून," श्यूचेन पेशींचं खाद्य बदलत असताना ती म्हणाली, "पण उपाशी पेशींना टॉरिन दिलं, तर मरायला टेकलेल्या पुन्हा तरारल्या."

"खरंच, लाओशी? कधी केलंत?" श्यूचेननं विचारलं; शिक्षकांना ती लाओशी म्हणायची.

"रविवारी. तू नव्हतीस."

शुद्ध थाप होती. टॉरिन या अमिनो आम्लाची बाटली तिनं उघडलीही नव्हती.

महिनाभरानं सकाळी ती कोपऱ्यावरच्या दुकानात माशाची पेज खात होती. फांग आपला वाडगा घेऊन समोर येऊन बसला.

"टॉरिनवर काम करतेयस म्हणे. आम्हीही करून बघितलं. आधीच सांगतो, मागून कटकट नको."

"काय आलं?"

"झकास आलं. दुपटीनं पेशी तगतात. रुईयांगनं तीनदा केलं. या वेळी मिळून छापू या. मागच्या वेळी तुझं तोंड उतरलं होतं, कळतं मला."

चोर गळाला लागला होता. पण आपण सोडलेली थाप खरी कशी निघाली? आंधळेपणानं फेकलेला दगड नेमका लागला की काय? तिनं परतल्याबरोबर टॉरिनची बाटली उघडली आणि प्रयोग स्वतः केला. पुन्हा केला. टॉरिन घाला, न घाला, पेशी मरत होत्या.

तिनं श्यूचेनला बोलावलं.

"टॉरिनचं रुईयांगला तू सांगितलंस?"

"हो."

"आणि ग्लुटामिनचं?"

"तेही. आम्ही लग्न करणार आहोत, लाओशी. जेवताना दुसरं काय बोलणार आम्ही? गुपित ठेव असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

"त्यांचा निबंध निघाला तेव्हा काही वाटलं नाही?"

"वाटलं. तो म्हणाला, त्यांचं आधीपासून चालू होतं. मी विश्वास ठेवला."

"टॉरिनचा प्रयोग मी केलाच नव्हता, श्यूचेन."

"म्हणजे त्यानं..." ती थांबली. मग मान वर करून म्हणाली, "आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

पेइशान उठली आणि थेट फांगच्या प्रयोगशाळेत गेली.

फांगला तिनं सगळं सांगितलं, थापेसकट.

"मला सापळा लावलास?"

"तुला नाही. तिला."

"म्हणजे बरंय का ते?" तो चिडला, पण त्यानं रुईयांगनं काढलेली पेशींची मूळ छायाचित्रं मागवली. टॉरिनच्या निबंधासाठी ठेवलेल्या छायाचित्रांतल्या पेशी ग्लुटामिनच्या निबंधातल्याच होत्या, नुसत्या उलट्या फिरवलेल्या. फांगनं त्याला आपल्यासमोर प्रयोग करायला बसवलं, तेव्हा त्यानं दोन्ही वेळची लबाडी कबूल केली.

"लू लाओशींकडून आलेलं म्हणजे खरंच असणार," तो म्हणाला. "मी फक्त वेळ वाचवला."

फांगनं ग्लुटामिनचा छापून आलेला निबंध मागे घेतला. पुढची दोन वर्षं त्याला कुणी अनुदान दिलं नाही, आणि पेइशानशी तो जिन्यात भेटला तरी हवापाण्यापलीकडे बोलत नाही. रुईयांग गाव सोडून गेला. लग्नाचं काय झालं ते श्यूचेननं सांगितलं नाही, आणि विचारायला पेइशानला तोंड नव्हतं.

पेइशानचा ग्लुटामिनचा निबंध पुढे एका लहान नियतकालिकात आला, श्यूचेनचं नाव पहिलं. ती अजून पेइशानकडेच काम करते. पेइशाननं नवं काही सांगितलं की अदबीनं मान डोलावते, हातमोजे चढवते, आणि तो प्रयोग आधी स्वतः करून बघते.