रेघेबाहेरचं घर

घरमालकाने भाडेकरूकडे यावं तसा दादा रस्त्याच्या कार्यालयात आला. आल्या आल्या त्याने शिपायाला विचारलं, आमचा बारक्या कुठे बसतो? शिपाई बुचकळ्यात पडला. शहराच्या पोटातून खांबांवर जाणाऱ्या नव्या द्रुतगती मार्गाची आखणी ज्याच्या टेबलावर होत होती, ज्याच्या खोलीत शिरताना भले भले आधी खाकरत, त्या साहेबाला कुणी बारक्या म्हणत असेल हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यात यायचं तरी कसं? आतून साहेबाने आवाज ओळखला. दादाच्या मागून भिंतीला हात लावत आई आली.

दोघं सख्खे भाऊ, पण कित्येक वर्षांत एकमेकांशी चकार शब्द बोललेले नव्हते. वडील घड्याळजी होते आणि दादाही घड्याळजीच झाला. घर चिंचोळं, पण नशीबवान होतं. खाली पुढच्या खोलीत दुकान, तिथे मोठी खिडकी आणि तिच्यातून दिवसभर असा उजेड यायचा की केसाएवढा स्क्रूही चष्म्याशिवाय दिसावा. मागे स्वयंपाकघर आणि आईची खोली. वर एकच खोली, ती बारक्याची. तिथेच तो रात्रंदिवस घोकून इंजिनिअर झाला आणि लग्न करून बायकोला आणलं तेही तिथेच. वडील गेले आणि दादाला एकाएकी घर लहान वाटायला लागलं. एका भर दुपारी, सगळ्या गल्लीची दुकानं उघडी असताना, त्याने धाकट्याचा पलंग उचलून रस्त्यावर आणून ठेवला. टेम्पो मिळेपर्यंत बारक्याची नवी नवरी त्या पलंगावर मान खाली घालून बसली होती. आई खिडकीत उभी होती. थोड्या वेळाने तिने पडदा ओढून घेतला. पडदा हिरवा होता, हे बारक्या जन्मात विसरणार नव्हता.

तर असा हा दादा खुर्चीत पायावर पाय टाकून बसला आणि म्हणाला, "तुमची ती रस्त्याची रेघ आपल्या घरावरून गेलीय म्हणे. जरा सरकव ती."

रेघ गेली होती खरी, अगदी घराच्या छातीवरून. आता रस्त्याच्या धंद्यातली एक गोष्ट धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि बाहेर कुणालाच नसते. जे घर रेघेत येतं, ते पाडतात, माणसं रडतात, पण त्यांना नव्या वसाहतीत घर मिळतं, दुकान असेल तर बाजारात गाळा मिळतो. जे घर रेघेपासून दूर असतं, त्याला काही होत नाही. मरण असतं ते रेघेच्या बाहेर वीतभर उरलेल्या घराचं. त्याला मोबदला नाही, गाळा नाही, गिऱ्हाईक नाही. रस्ता त्याच्या उरावर बसतो आणि ते घर कायद्याने वाचलेलं असतं. लोक मात्र रेघेबाहेर राहण्यासाठी पाया पडतात.

बारक्याच्या जिभेवर शब्द आले होते. दादा, घर जाऊ दे, त्यातच तुझं भलं आहे, एवढंच सांगायचं होतं. पण त्याने मनाशी एक अट घातली. दादाने एकदा म्हणावं, चुकलं माझं. एवढंच म्हणावं, मग आपण दार लावून त्याला सगळं समजावून सांगू. त्याने दादाला वाटही करून दिली. सहज विचारावं तसं विचारलं, "वरच्या खोलीत काय असतं आता?"

"मोडकी घड्याळं," दादा म्हणाला. "कुलूप असतं. तुला काय करायचंय?"

"काही नाही," बारक्या म्हणाला. "सरकवतो रेघ."

निघताना आईने टेबलाच्या कडेला हात टेकला आणि विचारलं, "बाळा, घर वाचलं म्हणजे आमचं भलंच होईल ना?" बारक्या समोरचा पेला उचलून पाणी प्यायला. मग म्हणाला, हो आई.

रेघ सरकवायला त्याला फारसे कष्ट पडले नाहीत. पलीकडे एक बंद पडलेलं गोदाम होतं, त्याचा मालक आपली जागा कुणी घेईल का म्हणून डोळे लावूनच बसला होता. वरच्या साहेबांनी तर पाठ थोपटली. वळण सोपं झालं, एक राहतं घर वाचलं, लोकांची कटकट तेवढी कमी. कुठे नियम मोडला नाही की कुठे खोटी सही झाली नाही. दादाने मागितलं तेच, तंतोतंत तेच, त्याला मिळालं.

मग दादाचा तोरा काय विचारता. गल्लीतली घरं एकेक करून रिकामी होत होती आणि हा दारात उभा राहून बघत होता. शेजारची शिवणकामवाली आपल्या दाराच्या चौकटीला मिठी मारून रडली, तेव्हा हा तिला म्हणाला, ज्यांचं वर कुणी नसतं त्यांचं असंच होतं, आमचा भाऊ आहे तिथे. तिने डोळे पुसले, मशीन टेम्पोत चढवलं आणि गेली. नव्या घरात तिला ऊन येणारा सज्जा मिळाला आणि बसथांब्यासमोर गाळा. हे दादाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं.

काम सुरू झालं. खांबांसाठी जमिनीत यंत्रं घुसायला लागली तशी भिंतीवरची घड्याळं एकामागून एक बंद पडली. दादा त्यांना चावी देई, ती पुन्हा थांबत. टेबलावर ठेवलेले स्क्रू जागेवरून सरकत सरकत खाली पडायचे आणि हा चिमटा हातात घेऊन गुडघ्यांवर रांगत ते शोधायचा. मग खांबांवर रस्ता आडवा झाला आणि मोठ्या खिडकीतला उजेड गेला. भर दिवसा दिवा लावून बसावं लागे. रस्त्याचा कठडा वरच्या खोलीच्या खिडकीला इतका भिडला की आतून हात काढून त्याच्यावर ओलं फडकं वाळत टाकता आलं असतं. गिऱ्हाइकांना दुकानाचं दार सापडेना, मग त्यांनी ते शोधणंही सोडलं.

बारक्या पाहणीच्या निमित्ताने डोक्यावर हेल्मेट घालून वर जायचा आणि बरोबर त्या खिडकीसमोर थांबायचा. खिडकी बंद असे. हाताखालची माणसं मागे ताटकळत राहत. त्याला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटत होतं. खाली पलंग ठेवला होता ती जागाही त्याला वरून दिसायची. तिथे आता खांब उभा होता.

भिंतीला तडे गेले तेव्हा लोकांनी दादाला तक्रार करायला सांगितलं. दादा त्यांच्यावर उखडला. ज्या भावाने आपल्यासाठी शब्द टाकला त्याच्याच कार्यालयात तक्रार करू? त्याची नोकरी घालवू? हे बारक्याच्या कानावर आलं त्या दिवशी तो नीट जेवला नाही. बायकोने विचारलं तर तो तिच्यावरच खेकसला.

रस्ता सुरू झाल्यावर तो आईला आणायला गेला. तिला यातून बाहेर काढायचं हे त्याने पहिल्यापासून ठरवलं होतं, निदान स्वतःला तरी तसं सांगितलं होतं. गल्ली उरली नव्हती, खांबांच्या मधून वाट काढत तो दारापाशी पोचला. आई तिच्या खोलीत कानांना फडकं बांधून बसली होती. कपबश्या फळीवर सतत किणकिणत होत्या. पिशवी भर, तो म्हणाला, आपल्याकडे चल.

आईने कानांवरचं फडकं सोडलं. मागे एकदा शिवणकामवाली भेटायला येऊन गेली, तिने नव्या घराचं सगळं सांगितलं, असं आई म्हणाली. "मग मला कळलं. एवढी मोठी गोष्ट तुला ठाऊक नव्हती असं कसं होईल? त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा तू पाणी प्यायलास. लहानपणीही खोटं बोलायच्या आधी पाणी मागायचास."

बारक्या म्हणाला, दादाला सांगतो, आत्ताच्या आत्ता सांगतो, पाय धरतो त्याचे.

"खबरदार," आई म्हणाली. "धंदा गेला, हात थरथरतात. भावाने घर वाचवलं, एवढंच उरलंय त्याच्याकडे सांगायला. ते त्याच्याकडे राहू दे. आणि मी कुठे येत नाही. तेव्हा पडदा ओढून घेतला, आता त्याच घरात बसते." तिने फडकं पुन्हा कानांना बांधलं. "वर जा. वाट बघतोय तो तुझी."

तो वर गेला. कुलूप नव्हतं. मोडकी घड्याळं कुठेतरी गेली होती, भिंतींना नवा पांढरा रंग दिलेला होता आणि मधोमध एक नवाकोरा पलंग होता, त्यावर कडक घडीची चादर. खिडकीबाहेर कठड्यापलीकडून ट्रकच्या मागून ट्रक जात होते आणि पलंगाचे पाय फरशीवर थडथडत होते. दादा चादरीची सुरकुती हाताने सारखी करत होता. त्याने मान वर केली. तो एकदम म्हातारा झाला होता.

"ये राहायला," दादा म्हणाला. "बायकोला घेऊन ये. ही खोली तुझीच आहे. चुकलं रे माझं."

बारक्या दारातच उभा राहिला. बाहेरून एक लांबलचक मालगाडा गेला आणि खोली हादरली. धाकट्याला ऐकूच गेलं नाही असं दादाला वाटलं. गाडा जाईपर्यंत तो थांबला, मग त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडून सांगितलं, चुकलं माझं. मागून दुसरा गाडा आला तसा त्याने पुन्हा सांगितलं. मग पुन्हा.

पहिल्याच वेळी ऐकलं, असं बारक्या शेवटपर्यंत म्हणाला नाही.