आकाश उघडलं तेव्हा

येफिमला मी सकाळीच बजावलं होतं, एप्रिल सरत आलाय, सरोवराचा बर्फ आता भरवशाचा नाही, काठाकाठाने जा. पण माझ्या नवऱ्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "मे महिन्यातसुद्धा सरळ गेलोय मी," म्हणाला. प्रवासाआधी घडीभर सगळ्यांनी गप्प बसायची आमची रीत, तेवढाही धीर नाही. हातमोजे विसरले म्हणून परत आला, तर अपशकुन टळावा म्हणून आरशात बघायचं असतं, तेही न करता पुन्हा निघाला. डोंगरांपलीकडच्या झोपडीतल्या रिसीव्हरची बॅटरी बदलायची होती. पोचला की रेडिओवर कळवणार होता.

दुपारी आमच्या संशोधन केंद्रातल्या पडद्यावरची रेघ एकदम पुसली गेली. आम्ही वर रेडिओलहरी सोडतो, त्या आकाशातल्या थरावर आपटून परत येतात, त्यांचीच ती रेघ. सूर्यावर भडका उडाला की लहरी वरच गिळल्या जातात. अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ, पण त्यासाठी आमचे प्रमुख रुदोल्फ अर्कादिच वर्षभर डोळ्यांत तेल घालून बसलेले.

"तैस्या, दर मिनिटाला लहर सोड. एकही चुकवू नकोस."

"येफिमचा निरोप नाही आला अजून."

"कसा येईल? त्याचा आवाजही आकाशातूनच यायचा ना. आकाश बंद, नवरा बंद. घटकाभर सुख भोग की, बाई."

मी हसले. आमच्याकडे सवयच ती. रेडिओ गप्प झाला की दोष आकाशाचा, आणि आम्ही निवांत चहा पीत बसायचो. मग घड्याळाकडे नजर गेली. येफिमची पोचायची वेळ रेघ पुसली जाण्याआधीच टळून गेली होती. भडक्याच्या नादात ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी लहरी सोडत राहिले आणि मनात एकच धोशा, रेघ येऊ नकोस. आकाश बंद आहे तोवर माझा माणूस झोपडीत स्टोव्हपाशी बसलाय, सूप ढवळतोय, माझ्या नावाने खडे फोडतोय.

रेघ आली. आधी फिकट, मग स्वच्छ. रुदोल्फ अर्कादिच टाळी वाजवणार होते, माझ्याकडे बघून त्यांनी हात खाली घेतले.

मी माइक ओढला. "येफिम, बोल. येफिम." नुसती खरखर.

"अजून पुरतं उघडलं नसेल आकाश," ते म्हणाले. पडद्याकडे मात्र बघेनात.

तेवढ्यात स्पीकरमधून बाईचा आवाज आला.

"येफिम नाही गं, मी अग्राफेना. मुर्मान्स्कच्याही पुढची, समुद्रकाठच्या हवामान केंद्रातली. आज इतक्या लांबूनही किती छान ऐकू येतंय, अगदी शेजारी बसल्यासारखं. कोणाला शोधतेस?"