दोन दाबून धर

मी एक जुनं सिमकार्ड आहे, मित्रांनो. बोलायला बसलोय खरा, पण मध्येच माझा डोळा लागला तर हलवून जागं करा. वय तसं फार नाही. पण झीज वयावर नसते, वापरावर असते, असं माझा मालक म्हणतो. तो फिटर आहे. पाकिटं भरणारी, सील करणारी मोठमोठी मशीनं बसवतो, तेव्हा झीज म्हणजे काय ते त्याला कळतंच.

माझा जन्म एका झगझगीत कारखान्यात झाला. तिथली माणसं टोपी, मास्क, हातमोजे घालून वावरायची, आणि धुळीचा एक कणसुद्धा आत येऊ द्यायची नाहीत. मी बाहेर पडलो तेव्हा बँकेच्या कार्डाएवढी पाटी होती माझ्याभोवती, आणि मधोमध मी, सोनेरी, चकचकीत. काय थाट होता माझा! नाक्यावरच्या मोबाइलवाल्याने मला काचेखाली मांडलं आणि तिथून एका घामाघूम झालेल्या तरुणाने मला उचललं. त्याला नुकतीच नोकरी लागली होती. सोबत त्याची आई होती. मोबाइलवाल्याने नंबरांचा ढीग पुढे टाकला आणि हा तासभर निवडत बसला. शेवटी आई वैतागली. "कुठलाही घे रे बापू, मला मेलीला कुठे पाठ होणारेत ते," ती म्हणाली. बापू हे त्याचं घरातलं नाव. कारखान्यात सगळे त्याला फिटरच म्हणतात.

सुरुवातीचे दिवस कामाचे आणि कौतुकाचे होते. लग्न ठरल्याचा फोन माझ्यावर आला. लेक झाल्याचाही माझ्यावरच आला, तेव्हा फिटर शिडीवर होता आणि आनंदाने पाना खाली टाकून बसला. बँकेचे निरोप, गॅसवाल्याचे निरोप, साहेबांच्या शिव्या, सगळं माझ्यातून गेलं. मी कधी तक्रार केली नाही.

पुढे फोन बदलत गेले. नव्या फोनची खाच लहान, म्हणून मोबाइलवाल्याने स्टेपलरसारखं दिसणारं एक कटर काढलं आणि कचकन माझ्या कडा उडवल्या. काही वर्षांनी आणखी नवा फोन आला, आणखी लहान खाच, पुन्हा कचकन. माणसं वयाबरोबर अंगाने भरतात. मी मात्र वयाबरोबर कमी कमी होत गेलो, आणि आता नखाएवढा उरलोय.

मग आईलाही एक फोन घेतला, बटणांचा. तिची नजर अधू, आकड्यांशी तर तिचं कधीच जमलं नाही. मोबाइलवाल्याने युक्ती काढली. "एकवर कंपनीचं काहीबाही असतं, म्हणून दोनवर लावलाय. आजी, दोनचं बटण दाबून धरायचं, मुलगा बोलेल," तो म्हणाला. शेजारी शिवणकाम करणारी एक मावशी राहते. तिने त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि फोन गळ्यात अडकवायला कापडी पिशवीही शिवून दिली. तेव्हापासून आईचा ठिपका म्हणजे मी. भाजीला मीठ कमी पडलं तरी ती ठिपका दाबायची. फिटर कुरकुरायचा, पण उचलायचा.

मित्रांनो, इथपर्यंत माझं बरं चाललं होतं. मग कंपनीने फिटरला परदेशी पाठवायला सुरुवात केली आणि माझ्या नशिबी अंधार आला.

त्याचं असं होतं, की आपलं सिम परदेशात वापरायचं म्हणजे खर्चाचा हत्ती दारात बांधायचा. म्हणून विमानातून उतरलं की फिटर आधी तिथलं प्रीपेड सिम घ्यायचा. पहिल्या खेपेला तो फसला. बाहेर उभ्या असलेल्या एका गोडबोल्या माणसाकडून त्याने आधीच चालू केलेलं सिम घेतलं आणि ते दुसऱ्या दिवशी गपगार पडलं. तेव्हापासून तो शहाणा झाला. आत, कंपनीच्या काउंटरवरच जायचं, पासपोर्ट दाखवायचा, फोटो काढून द्यायचा, राहण्याचा पत्ता सांगायचा, मुदत आणि पॅक नीट विचारून घ्यायचं. काउंटरवरची मुलगी बारीक पिन टोचून मला बाहेर काढायची आणि चिकटपट्टीचा तुकडा लावून त्याच्या हातात द्यायची. फिटरचा फोन जुना, एकाच सिमची जागा. मी बाहेर, नवा आत.

आणि तो तिथून लगेच हलायचा नाही. मशीन चालवून बघितल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्याचा धंद्याचा नियम. सिमचीही तो ट्रायल घ्यायचा. बायकोला फोन लावायचा आणि विचारायचा, "लागला का?" ती म्हणायची, "लागला." मगच बॅग उचलायचा. मग नवा नंबर घरच्या ग्रुपवर टाकायचा. आई ग्रुपवर नव्हती, पण सूनबाई घरी असायची, तिच्या फोनवर आईचं बोलणं व्हायचं. म्हणून ठिपक्याची गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

त्या परदेशी सिमांचं मला फार वाईट वाटायचं नाही, हेही सांगून टाकतो. नव्याचे नऊ दिवस. मुदत संपली की गरज सरो नि वैद्य मरो, फिटर त्यांना कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. पण मी तरी कुठे सुखात होतो? कधी नाण्यांच्या कप्प्यात, कधी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात. एकदा तर पँटच्या खिशात राहिलो आणि धुलाईच्या मशीनच्या तोंडातून परत आलो. मग त्याने मला चष्म्याच्या डबीत, कापडाच्या घडीखाली ठेवायची सवय लावून घेतली. चष्म्याची तो दिवसभर काढघाल करायचा, त्यामुळे डबी उघडली की चार शब्द माझ्याही कानावर पडायचे.

आता त्या खेपेबद्दल सांगतो. सांगायला नको वाटतं, पण सांगतो.

त्या खेपेला सूनबाई घरी नव्हती. तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, ती माहेरी गेली होती. लेक हॉस्टेलवर. आई घरात एकटी. शेजारची मावशी जेवणाचं बघणार होती आणि रात्री झोपायलाही येणार होती, तरी दिवसा आई एकटीच. निघताना फिटर बूट घालता घालता म्हणाला, "आई, काही लागलं तर दोन दाबून धर. मी कुठेही असलो तरी तुझा फोन मलाच लागतो."

"परदेशातसुद्धा?"

"परदेशातसुद्धा. दाबून बघ, मी आहेच."

मी त्याच्या खिशातल्या फोनमध्येच होतो, सगळं ऐकत होतो. त्याने खोटं सांगितलं नाही हो. सवयीने बोलून गेला. आईच्या डोक्यात ठिपका म्हणजे बापू, आणि बापूच्याही डोक्यात तेच. मधे मी असतो, हे दोघंही विसरले. विमान उतरलं, काउंटर आलं, पिन टोचली गेली. चिकटपट्टी लागली. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, तिच्याकडे फक्त दोन आहे! पण खाचेतून बाहेर काढलेल्या सिमला कसला आवाज. फिटरने माहेरी बायकोला फोन लावला. "लागला का?" "लागला." झाली ट्रायल. त्याने चष्म्याची डबी टपकन मिटली.

काही दिवस काम जोरात चाललं. मशीन एका लांबलचक शेडमध्ये बसत होतं, ग्रीस आणि पुठ्ठ्याचा वास डबीतही यायचा. मग एकदा डबी उघडली ती बायकोच्या आवाजात.

"अहो, घाबरू नका. आई पडल्या. मी आले घरी. खुब्याला मार आहे, ऑपरेशन करायचं म्हणतायत."

"आईकडे फोन दे," फिटर म्हणाला. बायकोने फोन आईच्या तोंडासमोर धरला.

"काही नाही रे बापू. बाथरूममध्ये पाय घसरला. मावशी लगेच आली की."

"मला फोन नाही केलास?"

"तू कामात असतोस. म्हटलं, कशाला उगाच."

फिटरचा जीव भांड्यात पडला. शेजारी काम करणाऱ्या माणसाला तो सांगत सुटला, आमची आई भारी खमकी, खुबा मोडला तरी आवाजात कंप नाही. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. जी बाई मिठासाठी ठिपका दाबते, ती खुबा मोडल्यावर दाबणार नाही?

काम दुसऱ्यावर सोपवून तो लवकर परतला. आपल्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी, त्याने मला डबीतून काढलं, चिकटपट्टी सोलली आणि फोनमध्ये सरकवलं. मला नेटवर्क मिळालं आणि त्या क्षणी, मित्रांनो, निरोप बदाबदा कोसळले. आईचा मिस्ड कॉल. आईचा मिस्ड कॉल. पुन्हा आईचा. प्रत्येकापुढे वेळ. पहिला दुपारच्या जेवणानंतरचा. मग एकामागून एक, चार वाजले, पाच वाजले, दिवेलागण झाली. फिटर अंगठ्याने वर सरकवत राहिला आणि ते संपेचनात. त्याची बॅग समोरून दोनदा फिरून गेली. त्याने ती उचलली नाही. मी दमलो होतो, पण तो एकेक निरोप पोचवणं माझ्याच वाट्याला आलं होतं, आणि तेवढं वाईट मला आजवर कधी वाटलं नाही.

घरी पोचल्यावर त्याने आधी शेजारच्या मावशीला गाठलं. शिलाई मशीनवरून न उठताच ती हळू आवाजात बोलली. "तुझ्या आई म्हणाल्या होत्या, तुला सांगू नको. मी दुपारची बाजारात गेले होते, शिवलेले कपडे द्यायला. परत आले तर तुमच्या घरात दिवा नाही. दार उघडून आत गेले. फोन हातातच होता, अंगठा ठिपक्यावर."

आई खाटेवर पडली होती, उशाशी औषधांच्या बाटल्या. फिटर खाली बसला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि मग तिने सहज विचारलं, "बापू, तुझ्या फोनवर ती बाई कोण रे बोलते?"

"कुठली बाई?"

"आवाज गोड आहे हो तिचा. पण ऐकून घेत नाही. मी तिला किती वेळा सांगितलं, बाई, बापूला निरोप दे, मी खाली पडलेय, मला उठता येत नाही. तिचं आपलं तेच तेच. मग म्हटलं, असेल बिचारी तीही कामात."

फिटर रडला. मी शर्टाच्या वरच्या खिशात होतो, त्याची छाती कशी हलत होती ते मला कळत होतं. त्याने आईच्या गळ्यातला फोन हातात घेतला. लाल ठिपका आधीच पुसट झाला होता, त्या दुपारी उरलासुरलाही गेला होता. त्या कोऱ्या बटणावरून त्याने अंगठा फिरवला.

"मी इकडून तिकडे लावून बघितला," तो म्हणाला. "तिकडून इकडे लागतो का, ते बघितलंच नाही. ट्रायल अर्धीच घेतली गं मी."

"असू दे. आलास ना," आई म्हणाली.

आता आई काठी घेऊन घरातल्या घरात चालते. मावशीने ठिपका नवा दिलाय, चांगला जाड. आणि आईला एक नवीनच नाद लागलाय. फिटर पलीकडच्या खोलीत असला तरी ती दोन दाबून धरते. मी वाजतो. तो उचलतो. "लागला का?" "लागला, आई." "बरं." आणि ठेवते. सूनबाई हसते, म्हणते, अहो आई, इथून हाक मारली तरी ऐकू जाईल. त्यावर आईचं उत्तर ठरलेलं: "मशीन रोज चालवून बघावं लागतं, असं हाच सांगतो ना जगाला?"

मित्रांनो, परदेशी जाऊ नका, तिथलं सिम घेऊ नका, असं मी म्हणत नाही. खुशाल जा. पासपोर्ट हाताशी ठेवा, बाहेरच्या गोडबोल्यांच्या नादी लागू नका, नवा नंबर सगळ्यांना द्या. पण बॅग उचलायच्या आधी एक गोष्ट आठवा. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याला एकच बटण माहीत आहे. ते बटण तुमच्यापर्यंत पोचतं का, हे त्याच्याच अंगठ्याने दाबून बघा. आणि माझ्यासारख्या जुन्याला चिकटपट्टी लावून कुठेतरी कोंबू नका. आमच्यातून कुणीतरी तुम्हाला हाका मारत असतं.

मागच्या महिन्यात फिटरला परत जावं लागलं. जायच्या आधी त्याने मोबाइलवाल्याकडून दोन सिमांच्या जागा असलेला वापरलेला फोन घेतला. मला वाटलं होतं, आता माझी सुट्टी होईल. कसली सुट्टी. परदेशातल्या काउंटरवरच्या मुलीने सवयीने पिन उचलली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हे जुनं काढून ठेवू?"

"ते नको," फिटर म्हणाला. "ते आईचं आहे."

तिने नवं सिम माझ्या शेजारी बसवलं. माझा परदेशी वापराचा पॅक फिटरने निघतानाच भरला होता, खर्चाचा हत्ती दारात बांधून. फिटरने बायकोला फोन लावला, लागला. तरी तो तिथेच थांबला. मागे रांग वाढत होती, मुलगी घड्याळाकडे बघत होती, हा काही हलेना. मग मी वाजलो.

"लागला का?"

"लागला, आई."

"बरं. ठेवते."

मग त्याने बॅग उचलली. आता जरा पडू द्या मला, मित्रांनो. संध्याकाळी ती परत दाबणार आहे.