दुरुस्तीयोग्य

ग्रंथपालांनी जिन्याच्या भिंतीला बोट लावले. बोट पांढरे झाले.

"हे कोणी केलं?"

"सगळ्यांनी मिळून," पहिल्या मजल्यावरची शिंपीणबाई ब्रश बादलीत बुचकळत म्हणाली. "पाहुणे यायचे आणि घर असं ओंगळ? तुम्हीच सांगा, कलमदादा."

नियमाचे कलम सांगितल्याशिवाय ते कोणाला वाटही विचारत नसत, म्हणून हे नाव.

"पाहुणे नव्हेत ते, पाहणी समिती आहे! आठवडाभर घसा कोरडा केला मी. ओल दिसू द्या, पोपडे दिसू द्या."

"दिसू द्या म्हणे. परक्या माणसाला आपल्या घरातली ओल दाखवायची म्हणजे..." ब्रश पुन्हा फिरू लागला.

नगरपालिकेपुढे निधी एकच होता: या चार मजली इमारतीची दुरुस्ती करावी, की ती पाडून शहराबाहेरच्या माळावर नवी घरे बांधावीत? यावर तीन सभा झाल्या. त्यांत 'नागरिक' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला, की प्रत्यक्ष नागरिकांना बोलावण्याची गरज कोणालाच भासली नाही. अखेर पाहणी ठरली. अभियंताबाईंनी तक्त्यातल्या तीनपैकी एका चौकटीत खूण करायची: दुरुस्ती अनावश्यक, दुरुस्तीयोग्य, धोकादायक. पहिलीत खूण झाली तर निधी नव्या घरांकडे जाणार आणि इथले छप्पर गळतच राहणार. तिसरीत झाली तर बेचाळीस कुटुंबे माळावर. राहता येण्याजोगी चौकट मधली तेवढी. तिच्यासाठी ग्रंथपालांनी चौदा पानांचे निवेदन दिले होते. त्याची पोच मिळाली होती.

समिती म्हणजे दोनच माणसे निघाली: अभियंताबाई, आणि नव्या बांधकामाचा आग्रह धरणारे एक सदस्य. तीन मजले चढताना सदस्यांचा चेहरा खुलत गेला.

"काय टापटीप आहे हो! यांना दुरुस्ती कशाला हवी?"

"माझ्या घरी चला," ग्रंथपाल दात आवळून म्हणाले. "तिथे काही झाकलेलं नाही."

दार त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी उघडले. गळतीखालची बादली नाहीशी झाली होती. पलंगावर धुतलेली चादर होती. आणि सकाळपर्यंत खिडकीपाशी असलेले लाकडी कपाट समोरच्या भिंतीला जाऊन उभे होते.

"ताई, हे कपाट कधी हललं?"

"तू बाहेर गेलास तेव्हा. शेजारणींनी हात लावला." ताईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि लगेच नजर खाली घेतली.

कपाट सरकवायला बळ फारसे लागले नसते. पण आई गेल्यावर ज्या बहिणीने वाढवले, तिला परक्यांसमोर उघडे पाडायचे कोणत्या नियमाने? चौदा पाने लिहिणारा हात दाराची चौकट धरून राहिला.

"इथेही आलबेल," सदस्य म्हणाले. बाईंचे पेन पहिल्या चौकटीकडे वळले.

"काय लिहिताय, बाई?" ताईंनी विचारले.

"दुरुस्ती अनावश्यक."

ताईंनी जिथे बादली असायची त्या जागेकडे पाहिले. मग भावावर खेकसल्या, "बघतोस काय असा? लाव हात."

कपाट सरकले. मागे छतापासून जमिनीपर्यंत भेग होती, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत वर्तमानपत्राच्या पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या.

"बघा!" सदस्य जवळजवळ आनंदाने ओरडले. "ही इमारत पाडायलाच हवी!"

अर्ध्या मिनिटापूर्वी जिला दुरुस्तीची गरज नव्हती, ती इमारत आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती. भिंत मात्र होती तिथेच होती.

ताईंचे कान लाल झाले. "वारा शिरायचा म्हणून लावले होते कागद. काढून टाकते, किती घाण दिसतंय." त्यांनी एका पट्टीच्या कोपऱ्याखाली नख घातलेसुद्धा.

"थांबा!" अभियंताबाई पुढे झाल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागदाला नाक टेकेल इतके जवळून पाहिले. "ही तारीख... हा कागद तुम्ही तेव्हाच लावला होता?"

"त्याच आठवड्यात. सतरा वर्षं झाली."

"कुठेच फाटलेला नाही."

"खळ घरची होती," ताई जराशा फणकाऱ्याने म्हणाल्या.

बाईंना हसू आले. "आजी, भेग रुंदावत असती तर कुठलीही खळ पुरली नसती. कागद मधोमध फाटला असता. तुमची भिंत सतरा वर्षांत हललेली नाही." त्यांनी मधल्या चौकटीत खूण केली.

"रद्दीच्या कागदावरून निर्णय घेणार तुम्ही?" सदस्यांनी विचारले.

"सभेत सादर करीन. फोटोसकट."

बाईंनी मोबाइल वर धरला. ताई अजून भेगेसमोरच उभ्या होत्या. फोटो म्हणताच घाईने बाजूला होऊ लागल्या.

"राहू दे, ताई," ग्रंथपाल म्हणाले. मग बाईंना, "तिच्यासकट घ्या."

ताईंनी केसांवरून हात फिरवला. दुसरा हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी तो त्यांनी भिंतीवर टेकवला, आणि सरळ समोर पाहिले.