निम्मं राहू दे

पूनमचं सामान तिसऱ्यांदा काट्यावर चढलं, तेव्हाही एकतीस किलोच भरलं. अठराच्या आत यायला हवं होतं. फरशीवर सगळं पसरून ती मधोमध बसली होती आणि तिची आई मायाक्का स्वयंपाकघराच्या दारात घेवडा निवडत, तीन दिवसांपासून चाललेला हा खटाटोप नुसता बघत होती.

पूनम सोलापुरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. वय अठ्ठावीस. दिवाळी झाली की ती सायकलवरून जगाच्या फेरीला निघणार होती. मुंबईपर्यंत सायकल, तिथून विमानानं मस्कत, मग देशामागून देश. दीड वर्ष.

"ह्यातलं निम्मं राहू दे," शेवटी मायाक्का म्हणाली.

"आई, सगळं लागणाराय. यादी करून घेतलंय मी."

"यादी कुनी केली?"

"मीच."

"तू अजून निगालीच न्हाईस की. न निगालेल्या माणसाला काय ठावं काय लागतंय ते?"

मायाक्काला हे म्हणायचा हक्क होता. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं ती दर दिवाळीनंतर सांगोल्याच्या माळावरून मेंढरांसंगं निघायची. कृष्णाकाठानं खाली, पार कर्नाटकात, आणि पावसाच्या तोंडावर परत. पुरुष मेंढरं घेऊन रानारानातून जायचे. बायका बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढं जायच्या आणि तळ टाकून चूल पेटवायच्या. पाच माणसांचं घर एका घोड्यावर बसायचं. पूनम अशाच एका तळावर, उसाच्या फडाकडेला जन्मली होती. अकरा वर्षांपूर्वी हायवेवर एक ट्रक कळपात शिरला. तिच्या बापाच्या, शहाजीच्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. उरलेली मेंढरं विकली आणि होटगी रोडला दोन खोल्या घेऊन तो एका कारखान्यावर रखवालदार झाला. तेव्हापासून मायाक्काचं चालणं म्हणजे घर ते भाजीबाजार.

ताट बाजूला सारून ती फरशीवर येऊन बसली.

चार टी-शर्टांतले दोन गेले. जाड टॉवेल गेला. "पंचा घे, वारं लागलं की वाळतोय." तीन डब्यांचा एक झाला. ट्यूबा, पाने, पंप तिनं उचलून बघितले आणि जागच्या जागी ठेवले. "ह्यातलं मला कळत न्हाय. तुजं तू बघ."

"आणि थंडी वाजली तर?"

"मिळंल की तितं कायतरी. माणसं न्हाईत व्हय तितं?"

पूनमनं कपाटावरची काळी घोंगडी खाली काढली. ही तिच्या आजीची. ती मात्र न्यायचीच, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"ही कशाला?"

"असू दे. आठवण."

मायाक्कानं घोंगडीवरून हात फिरवला, एकदा नाकाशी नेली, आणि घडी घालून परत वर ठेवली. "भिजली म्हंजे उचलंना, मग रडशील. आठवण डोक्यात ठेव. तिला वजन न्हाय."

संध्याकाळी काटा साडेसतरावर थांबला.

मग पूनमनं तिला फोनवर फोटो दाखवले. ती जाणार होती त्या वाटेवरचे. तुर्कस्तानातल्या डोंगरात मेंढरं होती, आणि एक बाई घोड्यावर बिऱ्हाड लादत होती. मायाक्कानं फोन हातात घेतला तो कितीतरी वेळ दिलाच नाही.

"हिनं डाव्या अंगाला जास्ती लादलंय," ती म्हणाली. "चढाला घोडं कलंडंल की." थोड्या वेळानं म्हणाली, "काय सांगू तुला. पाय सुजायचे, भाकरी धड मिळायची न्हाय, पोरं आजारी पडायची. पर सकाळी तोंड धुतलं की नवं गाव समोर. रोज नवं पानी. हितं नळाला एकच चव हाय बग, अकरा वर्सं."

"आई, तुला जावंसं वाटतं?"

"कुटं?" मायाक्कानं फोन तिच्या हातात ठेवला. "ऊठ, भाकरी टाकायच्यात."

पूनम निघाली ती भल्या पहाटे. पुणे रस्त्यावर, टेंभुर्णीच्या चौकात शेवटची भेट घ्यायची असं ठरलं होतं. मायाक्का आणि शहाजी एसटीनं पुढं जाऊन झाडाखाली बसले. साडेबाराला पूनम आली, तोंड उन्हानं लाल झालेलं. तिनं शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, बापाच्या पाया पडली. मायाक्कानं सायकलभोवती एक फेरी मारली, प्रत्येक पट्टा ओढून बघितला, एक सोडून पुन्हा आवळला.

"जा," ती म्हणाली. "मागं बगू नगंस. तोल जातोय."

पूनमनं बघितलं नाही. वळणापाशी तिचा लाल शर्ट ट्रकांच्या आड गेला. शहाजीनं गमछ्यानं डोळे पुसले आणि काठी घेऊन सोलापूरच्या गाड्या लागतात तिकडं निघाला. मायाक्का जागची हलली नाही.

"अवो," ती म्हणाली, "मी येडूकडं जाती."

येडू तिचा धाकटा भाऊ. अजून सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखणारा. परवा त्याचा कळप खाली निघणार होता, हे शहाजीलाही माहीत होतं.

"भेटून कवा येशील?"

 मायाक्काच्या काखेत एक बोचकं होतं. लेकीसाठी काही आणलं असेल, राहिलं द्यायचं, असं शहाजीला आतापर्यंत वाटत होतं. आता त्यानं नीट बघितलं. एक लुगडं, एक ताटली, तांब्या, वाकळ. वरून दोरी अशी आवळलेली, की चालताना काही वाजू नये.

तो खाली बसला. "कवापतूर?"

"पाऊस पडायच्या आत. शेजारच्या बजाबाईला सांगितलंय, दोन येळचा डबा दील. गोळ्या फळीवर हायत." मग तिचा आवाज खाली आला. "तुमी न्हाई म्हनला तर न्हाई जानार."

 शहाजीला राग आला होता. पण अकरा वर्षांत तिनं तोंड उघडून काहीच मागितलं नव्हतं, हेही त्याला तिथंच, त्या झाडाखाली आठवलं.

"पंढरपूरची गाडी त्या अंगाला लागतीया," तो म्हणाला. "चल, जागा धरून देतो."

डिसेंबरात एका दुपारी पूनमचा व्हिडिओ कॉल आला. ती ओमानमध्ये होती, डोंगरातल्या कुठल्याशा गावाबाहेर. शहाजी दारात खुर्ची टाकून बसला होता.

"आई कुटंय आबा? तिचा फोन लागंना."

"काल अथणीच्या खाली हुती. रेंज न्हाय तितं. येडू म्हनतोय, सगळ्यांच्या पुढं ती चालती." तो हसला. "मी रोज फोनवर हवा बगतो. एक तुज्या गावची, एक तिच्या गावची."

"जेवलात?"

"व्हय. बजाबाई लई तिखट करतीया."

"आबा, एकटं वाटतंय का?"

शहाजीनं पाय थोडा सरळ केला. समोरून एक पाण्याचा टँकर गेला.

"तुजी याद येती. तिची येती. पर खरं सांगू का पूनम, चालायची लई येती गं. झोपेत पाय हालत्यात माजं." त्यानं फोन डोळ्यांजवळ धरला. "तोंड नगं दावूस. रस्ता दाव."

पूनमनं फोन फिरवला. उघडेबोडके तपकिरी डोंगर होते, आणि त्यांच्यामधून एक रस्ता वर वर जात होता.

"चाल की जरा," शहाजी म्हणाला.

तिनं सायकल एका धोंड्याला टेकवली, फोन छातीशी समोर धरला आणि चालायला लागली.